गोदीतलं मैदान: लिव्हरपूलला एव्हर्टनचं नवं स्टेडियम बघायला जायचं तर

इंग्लंडला फुटबॉल बघायला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली नावं निघतात ती ओल्ड ट्रॅफर्डची, ॲनफिल्डची, फार तर लंडनमधल्या दोन-तीन मैदानांची. मला कुणी विचारलं, तर मी सध्या मर्सी नदीच्या काठावरचं, लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचं हिल डिकिन्सन स्टेडियम सुचवतो. ५२,७६९ प्रेक्षकांचं हे मैदान २०२५-२६ च्या हंगामात सुरू झालं. २४ ऑगस्ट २०२५ रोजी इथे प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा पहिला सामना झाला. एव्हर्टनने ब्रायटनला २-० असं हरवलं. पहिला गोल इलिमान एन्डियायेचा, दुसरा जेम्स गार्नरचा, आणि एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डने एक पेनल्टी अडवली. नव्या घरात याहून चांगला गृहप्रवेश कुठला?

पण मी हे मैदान सुचवतो ते केवळ नवं आहे म्हणून नाही. हे उभं आहे १८४८ साली खुल्या झालेल्या ब्रॅमली-मूर गोदीत. शेजारच्या नाही, अक्षरशः त्या गोदीच्या पोटात. आणि ज्या गुडिसन पार्कवर हा क्लब १८९२ पासून खेळला, ते जुनं मैदान पाडलेलं नाही. तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. म्हणजे एकाच शहरात जुनं घर आणि नवं घर, दोन्ही चालती-बोलती बघायला मिळतात. जगात अशी संधी फार थोड्या ठिकाणी आहे. तेव्हा सामना बघून लगेच परत फिरू नका, निदान चार दिवस काढा. ते कसे आखायचे, ते क्रमाने सांगतो.

तारीख धरू नका, आठवडा धरा

प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं आणि बहुतेक सामने शनिवारी दुपारी ३ वाजता दाखवलेले असतात. त्यावर विसंबून विमानाचं तिकीट काढलं तर पंचाईत होऊ शकते. टीव्हीवर दाखवायचे सामने नंतर टप्प्याटप्प्याने निवडले जातात, आणि निवडला गेलेला सामना शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी साडेबाराला, रविवारी किंवा थेट सोमवारी रात्री सरकतो. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. खालच्या पातळीवरच्या क्लबांचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून हा जुना दंडक आहे. त्यामुळे टीव्हीवर घ्यायचा सामना तीनच्या ठोक्यावर ठेवताच येत नाही, तो हलवावाच लागतो.

यावर उपाय एकच. गुरुवारी पोहोचा, मंगळवारी निघा. सामना शुक्रवार ते सोमवार कुठेही गेला तरी तुम्ही शहरात असता. उरलेल्या दिवसांत बघण्यासारखं पुष्कळ आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

आठवडा निवडताना आणखी तीन गोष्टी तपासा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला (२०२६ पासून), नोव्हेंबरमध्ये आणि मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीगला सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी क्लबचा सामनाच नसतो. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फेऱ्यांमुळे लीगचा सामना पुढे ढकलला जाऊ शकतो, म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ तसा बेभरवशाचा. आणि एप्रिलमध्ये शहराला लागून असलेल्या एंट्री (Aintree) या गावी ग्रँड नॅशनल ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत असते. त्या दिवसांत लिव्हरपूलमधल्या हॉटेलांचे दर गगनाला भिडतात. माझ्या मते ऑक्टोबरचा मध्य किंवा शेवट उत्तम. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो. मग गोदीचा परिसर उजेडात बघायचा तर सकाळ हाताशी असावी लागते.

तिकीट: सगळ्यात आधी हेच

एव्हर्टनच्या घरच्या सामन्याची तिकिटं आधी हंगामी तिकीटधारकांची, मग सभासदांची. बाहेरच्या सर्वसाधारण विक्रीपर्यंत फारसं काही उरत नाही. म्हणून क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन सशुल्क सभासदत्व घ्या. दोघं-तिघं जात असाल तर प्रत्येकाचं वेगळं घ्या. सभासदांसाठी विक्री कोणत्या दिवशी, किती वाजता उघडते हे तिथेच कळतं. वेळ ब्रिटनची असते. तिथल्या उन्हाळी वेळेत आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिकडची सकाळी दहाची विक्री आपल्याकडे दुपारी अडीचला किंवा साडेतीनला.

पहिल्या फेरीत तिकीट हुकलं तरी धीर सोडू नका. ज्यांना येणं जमत नाही असे हंगामी तिकीटधारक आपली खुर्ची क्लबच्याच फेरविक्रीच्या सोयीतून परत करतात. ही तिकिटं एक-एक करत सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत निघत राहतात. शेजारी-शेजारी दोन खुर्च्यांचा हट्ट सोडलात तर शक्यता खूप वाढते. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल यांच्याविरुद्धच्या सामन्यांच्या मागे पहिल्याच खेपेला लागू नका. मधल्या फळीतल्या एखाद्या संघाविरुद्धचा सामना निवडा. मैदान तेच, आवाज तोच.

पैशाची फार चिंता नसेल तर जेवणासह मिळणारं हॉस्पिटॅलिटी तिकीट हा भरवशाचा मार्ग आहे. महाग आहे, पण महिनोन्‌महिने आधी पक्कं होतं, आणि व्हिसा-विमानाचा खर्च डोक्यावर असताना त्या निश्चिंतीलाही किंमत आहे.

एक गोष्ट अगदी टाळा: समाजमाध्यमांवर किंवा मैदानाबाहेर कुणा अनोळखी माणसाकडून तिकीट घेणं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटाची अनधिकृत विक्री हा १९९४ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. क्रिकेटच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला लागू नसलेला हा नियम फुटबॉलला लागू आहे. शिवाय असं तिकीट प्रवेशद्वारावर चाललं नाही तर हजारो किलोमीटर येऊन तुम्ही बाहेर उभे.

तुम्ही पाहुण्या संघाचे चाहते असाल तर गणित वेगळं. पाहुण्यांची तिकिटं त्यांच्या स्वतःच्या क्लबमार्फत मिळतात. त्यांच्या किमतीला २०१६ पासून ३० पौंडांची मर्यादा आहे, पण ती नेहमी प्रवास करणाऱ्या जुन्या चाहत्यांनाच आधी जातात. त्यावर तोडगा म्हणून यजमानांच्या भागात पाहुण्या संघाची जर्सी घालून बसू नका. बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे.

व्हिसा, विमान, मुक्काम

पर्यटनासाठी ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. मुंबईत आणि पुण्यात अर्ज केंद्रं आहेत. बँकेची विवरणपत्रं, नोकरीतल्या रजेचं पत्र, परतीचा बेत हे नीट जोडा. सामन्याचं तिकीट जोडलंच पाहिजे असं नाही. सहलीचं कारण सरळ लिहा: फुटबॉल सामना आणि शहर बघणं.

विमानाने मँचेस्टरला उतरणं सगळ्यात सोयीचं. विमानतळाच्या स्थानकावरून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला थेट रेल्वेगाडी आहे. लंडनला उतरलात तर युस्टन स्थानकावरून लाइम स्ट्रीट साधारण सव्वादोन तास. हे तिकीट आधी काढलं तर खूप स्वस्त पडतं, आयत्या वेळी फार महाग.

राहायला मूरफील्ड्स स्थानक किंवा पिअर हेड या नदीकाठच्या चौकाच्या आसपासची जागा बघा. तिथून मैदानाकडे रेल्वेगाडीने जाता येतं आणि परतताना चालत येता येतं. या दुसऱ्या सोयीचं मोल सामना संपल्यावर कळतं.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. बोल्ड स्ट्रीटवर भारतीय खाणं चांगलं मिळतं. निशा कटोना यांचं मोगली हे उपाहारगृह २०१४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं आणि नंतर देशभर पसरलं. स्थानिक स्काऊस म्हणजे मांस-बटाट्याचा दाट रस्सा. त्याचा बिनमांसाचा प्रकार ब्लाइंड स्काऊस या नावाने मिळतो. सोबत बीटाचं लोणचं येतं, ते सोडू नका.

आदल्या दिवशी चालत जा

सामन्याच्या दिवशी गर्दीच्या रेट्यात मैदान नीट दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी, पायात चांगले बूट घालून, पिअर हेडपासून उत्तरेला चालायला लागा. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. रमतगमत गेलात तर दीड-दोन तास हाताशी ठेवा.

सुरुवातीला रॉयल लिव्हर बिल्डिंग लागते. १९११ ची ही इमारत, वर शहराचं प्रतीक असलेल्या पक्ष्यांचे दोन प्रसिद्ध पुतळे. पुढे प्रिन्सेस गोदी ओलांडून वॉटरलू रोड आणि मग रीजंट रोड. इथून डाव्या हाताला ग्रॅनाइटची उंच भिंत सुरू होते. जेसी हार्टली या गोदी अभियंत्याने १८४० च्या दशकात बांधलेली ही भिंत. दगड वेडेवाकडे, कुठलाही एकसारख्या मापाचा नाही, तरी एकमेकांत असे बसवलेत की फटीत नख शिरणार नाही. मध्ये मध्ये किल्ल्याच्या बुरुजासारखे दरवाजे लागतात. वाटेत सॅलिसबरी गोदीच्या तोंडाशी सहा बाजूंचा व्हिक्टोरिया टॉवर दिसतो, जहाजांना वेळ दाखवणारा. तोही हार्टलीचाच, १८४८ चा.

थोडं पुढे स्टॅन्ली गोदी. तिथलं तंबाखूचं गोदाम १९०१ साली पूर्ण झालं. त्याला सुमारे २ कोटी ७० लाख विटा लागल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या विटांच्या इमारतींमध्ये त्याची गणना होते. इथे जरा थांबा. आपल्या माणसाने या बंदराकडे परक्या नजरेने बघायचं कारण नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून याच लिव्हरपूलला यायचा. इथल्या बाजारातल्या भावावर मुंबईत लोक रातोरात श्रीमंत झाले आणि १८६५ मध्ये भाव कोसळल्यावर तितक्याच वेगाने बुडाले. माझगाव-ससून डॉकच्या बाजूला वाढलेल्या कुणालाही हा रस्ता, हे खुंटे, ही गोदामं बघून ओळख पटेल.

मग येतं स्टेडियम. खाली लाल-तपकिरी विटांचा गोदामासारखा चौथरा आणि त्यावर फुगीर पाठीचं धातूचं छप्पर. वास्तुरचनेची मूळ कल्पना डॅन माइस यांची. ऑगस्ट २०२१ मध्ये काम सुरू झालं. आधी गोदीतलं पाणी हटवून आयरिश समुद्रातून उपसलेल्या वाळूचा भराव टाकला, चार लाख घनमीटरहून अधिक. गोदीच्या दगडी भिंती मात्र काढल्या नाहीत, भरावाखाली जशाच्या तशा ठेवल्या. पश्चिमेला मैदान आणि नदी यांच्यामध्ये पाण्याचा एक पट्टाही मुद्दाम राखला आहे, जेणेकरून दुरून बघताना ही अजून गोदीच वाटावी.

बाहेरच्या चौकात चार गोष्टी शोधा. जुन्या मालगाड्यांचे रूळ फरसबंदीत तसेच आहेत. जहाजांचे दोर बांधायचे लोखंडी खुंटे आहेत. १८८३ चा हायड्रॉलिक टॉवर आहे, ज्याच्या पाण्याच्या दाबावर गोदीची यंत्रं चालत. आणि विटांच्या भिंतीत फुल्या-फुल्यांची जाळीदार नक्षी आहे. ही नक्षी आली आहे गुडिसन पार्कवरून. तिथले स्टँड आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याने उभारले आणि सज्जाच्या कठड्यावर अशाच पोलादी फुल्या दिल्या. चाहत्यांची नावं कोरलेले फरशीचे दगडही इथेच आहेत. कित्येकांवर दिवंगत आई-वडिलांची नावं आहेत. त्यांवरून चालताना लोक पाय जपून टाकतात, आपणही टाकावा.

या बांधकामाला विरोध झाला, हेही माहीत असावं. लिव्हरपूलच्या बंदराला २००४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला होता. तो २०२१ मध्ये काढून घेतला गेला आणि कारणांमध्ये या नियोजित स्टेडियमचाही उल्लेख होता. मला विचाराल तर वर्षानुवर्षं कुलूपबंद, ओस पडलेल्या गोदीत आता हजारो माणसं येतात आणि तिचे दगड हात लावून बघतात, हा सौदा वाईट नाही. पण भिंतीपलीकडची पाण्याने भरलेली शेजारची गोदी बघितली की विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही पटतं.

सामना नसलेल्या दिवशी आतून बघण्याची टूर मिळते. तिचं आरक्षण ऑनलाइन करा आणि ती याच दिवशी ठेवा. ड्रेसिंग रूम, खेळाडूंचा बोगदा हे सामन्याच्या दिवशी दिसणार नाही.

सामन्याचा दिवस

लिव्हरपूल सेंट्रल किंवा मूरफील्ड्सहून मर्सीरेल या स्थानिक रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनची गाडी पकडा. साउथपोर्ट, ऑर्म्सकर्क, हेडबोल्ट लेन, कुठलीही चालेल, सगळ्या सँडहिल्सला थांबतात. मूरफील्ड्सनंतरचंच स्थानक ते. तिथून पंधरा मिनिटं चालत. निळ्या मफलरींच्या मागे जा, वाट विचारावी लागणार नाही. गाडी भाड्याने घेऊन येण्याचा विचार सोडा. आसपासच्या रस्त्यांवर रहिवाशांचे परवाने असतात आणि सामन्याच्या वेळी रस्ते बंद होतात.

किमान दीड तास आधी पोहोचा. तिकीट मोबाइलवर असतं. ते हॉटेलच्या वाय-फायवरच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, आणि फोन पूर्ण चार्ज करा. फोन बंद पडला तर दारात अडकाल. मोठी पिशवी नेऊ नका. इंग्लिश मैदानांवर ए-फोर कागदाच्या आकाराहून मोठी पिशवी सहसा आत जात नाही. आत रोख पैसे चालत नाहीत, म्हणून परदेशी व्यवहार सुरू असलेलं कार्ड जवळ असू द्या.

कपड्यांबाबत दोन शब्द. नदीचा वारा इथे थेट अंगावर येतो. ऑक्टोबरमध्येही आत लोकरीचं, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि कानटोपी लागते. छप्पर सगळ्या स्टँडवर आहे, तरी पुढच्या रांगांना तिरपा पाऊस गाठतो.

बसायचं कुठे? दक्षिणेचा स्टँड हा घरच्या कट्टर चाहत्यांचा. सुमारे १३ हजारांचा, अतिशय चढा. मैदानातला आवाज तिथूनच उठतो. पण तिथे बहुतेक जण पूर्ण सामना उभे राहून बघतात. तुमच्यासोबत लहान मूल किंवा वडीलधारं कुणी असेल तर पूर्व किंवा पश्चिम स्टँड घ्या. पाहुणे उत्तरेला बसतात. त्यांची गाणी आणि दक्षिणेचं प्रत्युत्तर ऐकायचं असेल तर पूर्वेचा मधला भाग छान.

आत बिअर मिळते, पण मैदान दिसेल अशा जागी ती प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. ग्लास रिकामा करूनच खुर्चीवर जायचं. फटाके, धुराच्या कांड्या, मैदानात उतरणं हे सगळे गुन्हे आहेत आणि परदेशी पाहुण्याला त्याची किंमत पुढच्या व्हिसापर्यंत मोजावी लागू शकते.

सामना सुरू होण्याआधी निदान पंधरा मिनिटं जागेवर असा. संघ बाहेर येतात तेव्हा साठच्या दशकातल्या एका टीव्ही मालिकेची बासरी-ढोलाची धून वाजते. गुडिसनवर तीन पिढ्यांनी ऐकलेली ही धून नव्या मैदानात आली तेव्हा अनेकांना हे आपलंच घर वाटलं. ती चुकवू नका. शेजाऱ्याशी बोला. लिव्हरपूलची माणसं बोलकी आहेत. तुम्ही भारतातून सामना बघायला आलात म्हटल्यावर मध्यंतरापर्यंत तुम्हाला क्लबचा सगळा इतिहास तोंडपाठ होईल: १८७८ ची स्थापना, नऊ लीग विजेतेपदं, १९२७-२८ मध्ये डिक्सी डीनचे लीगमधले ६० गोल, आणि शेवटचं लीग विजेतेपद १९८७ मध्ये मिळाल्याची सल.

शिट्टी वाजल्यावर घाई करू नका. सँडहिल्स स्थानक छोटं आहे आणि तिथे कठड्यांमध्ये लांबलचक रांगा लागतात. थोडा वेळ खुर्चीवर बसून राहा, मैदान रिकामं होताना बघा, नाहीतर सरळ शहराकडे चालू लागा. मूरफील्ड्सच्या आसपास राहत असाल तर चालत साधारण अर्ध्या-पाऊण तासात खोलीवर पोहोचता.

मोकळ्या दिवशी गुडिसन

महिलांच्या सुपर लीगचे सामने बरेचदा रविवारी असतात. आठवडा निवडतानाच एव्हर्टनच्या महिला संघाचं वेळापत्रक जोडीला ठेवा. तिकीट स्वस्त आणि सहज मिळतं. मर्सीरेलची ऑर्म्सकर्क किंवा हेडबोल्ट लेनची गाडी घेऊन सँडहिल्सच्या पुढच्या कर्कडेलला उतरा. साउथपोर्टची गाडी तिथे थांबत नाही.

गुडिसन घरांच्या रांगांमध्ये रुतलेलं आहे. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च मैदानाला अगदी चिकटून उभं आहे. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालने उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ वरून ५-३ असा विजय मिळवला तो इथेच. पुरुष संघाचा इथला शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध झाला, २-० ने जिंकला. लाकडी खुर्च्या, दृष्टीआड येणारे खांब, लीचच्या त्या पोलादी फुल्या हे सगळं डोळ्यांनी बघितलं की गोदीवरच्या विटांमधली नक्षी कुठून आली ते कळतं. सामन्यानंतर स्टॅन्ली पार्क ओलांडा, समोर ॲनफिल्ड. एव्हर्टन आधी तिथेच खेळायचं. १८९२ मध्ये जागामालक जॉन हौल्डिंग यांच्याशी भाड्यावरून बिनसलं, क्लब बाग ओलांडून इकडे आला, आणि रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंगनी लिव्हरपूल हा नवा क्लब काढला.

२०२८ चा विचार असेल तर

२०२८ च्या युरो स्पर्धेचे काही सामने हिल डिकिन्सन स्टेडियमवर होणार आहेत. त्यांची तिकिटं क्लब विकत नाही, युएफा ही युरोपीय फुटबॉलची संघटना स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज मागवून सोडतीने देते. तिथे एव्हर्टनचं सभासदत्व कामाला येणार नाही, त्यामुळे युएफाचं खातं वेगळं उघडा. स्पर्धा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये आहे. पहिल्या तिन्ही ठिकाणी ब्रिटनचा एकच व्हिसा चालतो. डब्लिनचाही सामना गाठायचा असेल तर आयर्लंडचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, ते अर्ज करण्याआधीच बघून घ्या.